घराच्या विम्याचा हप्ता ठरतो तरी कशावर? दोन घरं, तीन कोटेशनं

कृष्णाकाठी | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. माझी दोन घरं आहेत. एक वारज्यात फ्लॅट, कारपेट ७८० चौरस फूट, आजचा भाव साधारण ९५ लाख. दुसरं गावाकडचं, शिरोळ तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं. दगडी जोतं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागे न्हाणीघर आणि गोठा. आई-बाबा तिथेच राहतात. २०१९ ला घरात छातीपर्यंत पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. आता विमा उतरवायचाच, असं बाबांनीच मनावर घेतलंय.

फ्लॅटसाठी एका कंपनीने वर्षाला ३,३६३ रुपये सांगितले, दुसरीने ७७३. दोन्ही पॉलिसींचं नाव एकच, भारत गृह रक्षा. आणि गावच्या घराला, ज्याची रक्कम एजंटने १८ लाख धरली, तिथे ४,०९९! म्हणजे ९५ लाखाच्या फ्लॅटपेक्षा १८ लाखाचं कौलारू घर महाग? पूर येतो हे मान्य, पण एवढा फरक? की एजंट मला बकरा समजतोय?

ता. क.: अलमट्टी धरणाची उंची हा विषय इथे आणू नये, हात जोडून विनंती.

फाटक्या_खिशाचा | सोमवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच घोळ आहे.

आडवा_मनुष्य | सोमवार, रात्री १०:१५

३,३६३ असो की ७७३, दोन्ही पाण्यात. विमा कंपनी घेताना हात जोडते आणि देताना हात वर करते. त्यापेक्षा बँकेत रिकरिंग लावा.

सर्व्हेअर_काका | सोमवार, रात्री ११:३०

कृष्णाकाठी, कोटेशनवरचे आकडे दिलेत ते बरं केलंत, नाहीतर नुसतं 'महाग आहे हो' यावर काय बोलणार. मी बरीच वर्षं विमा दाव्यांसाठी आग-पुरातल्या नुकसानीचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहे. कुठल्याही कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

आधी फ्लॅटचं बघू. ३,३६३ मधून १८ टक्के जीएसटी काढला की उरतात २,८५०. हे ९५ लाखाला हजारी, म्हणजे विमा रकमेच्या दर हजार रुपयांमागे, ३० पैसे झाले. आता ७७३ मधून जीएसटी काढा, उरतात ६५५. हाच ३० पैशांचा दर लावला तर विमा रक्कम येते २१ लाख ८४ हजार. त्याला तुमच्या ७८० फुटांनी भागा: २,८०० रुपये फूट. म्हणजे दोन्ही कंपन्यांचा दर एकच आहे. पहिलीने फ्लॅटचा बाजारभाव धरला, दुसरीने बांधकामाचा खर्च.

दुसरी बरोबर आहे. भारत गृह रक्षामध्ये इमारतीची रक्कम काढायची रीतच ठरलेली आहे: कारपेट क्षेत्रफळ गुणिले पॉलिसी सुरू होते त्या दिवशीचा बांधकामाचा दर. वारज्याच्या ९५ लाखांत जमिनीचा भाव आहे, मेट्रो जवळ असल्याचा भाव आहे, बिल्डरचा नफा आहे. उद्या इमारत कोसळली तरी जमीन कुठे जात नाही. जमिनीचा विमा कोणी उतरवत नाही आणि ९५ लाख लिहिले म्हणून ९५ लाख कोणी हातात ठेवतही नाही. नुकसान दुरुस्त करायला किंवा पुन्हा बांधायला जेवढं लागेल तेवढंच मिळतं. हप्ता मात्र ९५ लाखांवर भरत बसाल.

हा ३० पैशांचा दर दगडावरची रेघ समजू नका. आगीच्या विम्याचे दर २००७ पर्यंत टॅरिफने, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाने, बांधलेले होते, तेव्हापासून मोकळे आहेत. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, भारत गृह रक्षा सगळ्या जनरल (आयुर्विमा सोडून इतर) विमा कंपन्यांना सक्तीची केली, पण सक्ती मजकुराची आहे, किमतीची नाही. कलमं सगळीकडे तीच, दर ज्याचा त्याचा. म्हणून तीन-चार ठिकाणी विचारायचं, आणि विचारताना रक्कम सगळीकडे तीच द्यायची. नाहीतर तुलना कशाशी करणार?

गावच्या घराचं उद्या लिहितो. १८ लाखाला ४,०९९ म्हणजे जीएसटी काढून हजारी १ रुपया ९३ पैसे पडले. नुसत्या पुराने एवढा दर चढलाय असं मला वाटत नाही. घराच्या पुढच्या भागात काही आहे का?

कृष्णाकाठी | मंगळवार, सकाळी ७:०५

काका, _/\_ . पुढची खोली भाड्याने दिलीय. खतं-बियाणं-औषधांचं दुकान आहे. पण ते भाडेकरूचं, आमचं नाही.

सर्व्हेअर_काका | मंगळवार, सकाळी ७:४०

सापडलं बघा. दुकान कोणाचं हे कंपनी विचारत नाही, छताखाली काय ठेवलंय हे विचारते. कीटकनाशकांचे डबे आणि खताची पोती असलेली इमारत राहत्या घराच्या दरात बसत नाही. भारत गृह रक्षा राहत्या घरासाठी आहे. एजंटने दुकान बघितलं आणि सगळ्याच वास्तूला दुकानाचा दर लावून मोकळा झाला. आळस आहे, पण लबाडी म्हणणार नाही. दुकान लपवून घराची पॉलिसी दिली असती, तर ती लबाडी. आणि मग तिथे आग लागली असती तर माझ्यासारखा कोणीतरी येऊन पहिला फोटो त्या दुकानाच्या पाटीचाच काढला असता.

एजंटला सांगा, मागचं राहतं घर वेगळं दाखव, दुकान वेगळं. मध्ये पक्की भिंत आहे का, छत एकच आहे का, हे तो विचारेल. दुकानासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते. दुकानातला माल भाडेकरूचा, त्याचा विमा त्याने उतरवायचा. भिंती तुमच्या, त्या तुम्ही.

सेक्रेटरीबाई | मंगळवार, सकाळी ११:२०

काका, दुकानाचा मुद्दा आमच्या सोसायटीत अगदी लागू आहे! तळमजल्यावर एकाने फ्लॅटमध्ये थिनर आणि रंगाचे डबे साठवले होते. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीचा माणूस पाहणीला आला आणि हप्ता वाढवून गेला. मग सभेत रणकंदन, वाढीव पैसे कोणी भरायचे! आदर्श उपविधी उघडून दाखवले. विम्याचा खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचा, पण कोणाच्या साठ्यामुळे जादा हप्ता बसला तर तो जादा भाग त्याच्याच डोक्यावर. गृहस्थ दोन दिवसांत डबे हलवायला तयार झाले.

माझा प्रश्न: सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय, तर सभासदाने स्वतःचा वेगळा काढायचा का? की दुप्पट खर्च?

सर्व्हेअर_काका | मंगळवार, दुपारी १:१०

सेक्रेटरीबाई, सोसायटीच्या पॉलिसीत आधी रक्कम बघा. पुष्कळ सोसायट्या 'नियमात आहे म्हणून' विमा काढतात आणि रक्कम इमारत बांधली तेव्हाची, पंधरा वर्षांपूर्वीचीच चालू ठेवतात. हप्ता कमी येतो, वार्षिक सभेत टाळ्या मिळतात. ती रक्कम आजच्या बांधकाम खर्चाला पुरेशी असेल, तर सभासदाने इमारतीचा पुन्हा काढायची गरज नाही. त्याने घरातल्या सामानाचा आणि स्वतः केलेल्या कामाचा काढावा: मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब. हे सोसायटीच्या पॉलिसीत सहसा धरलेलं नसतं, आणि हल्ली फ्लॅटमध्ये खरा खर्च तिथेच झालेला असतो.

आडवा_मनुष्य | मंगळवार, दुपारी २:००

बँकेने माझ्याकडून गृहकर्जाच्या वेळी सव्वादोन लाखाचा विमा कर्जातच घालून घेतला. त्यावर व्याजही मीच भरतोय. आणि इथे ७७३ रुपयांच्या गप्पा! कोण खोटं बोलतंय?

सर्व्हेअर_काका | मंगळवार, दुपारी २:२५

आडवे, कोणीच नाही. तो घराचा विमा नाही, तुमच्या जिवाचा आहे. तुम्हाला काही झालं तर कर्ज फिटावं म्हणून. तो वयावर, कर्जाच्या रकमेवर आणि मुदतीवर ठरतो. घर जळालं तर त्यातून दमडी मिळणार नाही. कागद काढा आणि वर 'मालमत्ता' लिहिलंय की 'कर्ज संरक्षण' ते बघा. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकाच सहीत उरकले जातात, म्हणून हा गोंधळ घरोघरी आहे. बँक घराचा विमा मागू शकते, पण आमच्याच कंपनीचा घ्या अशी सक्ती तिला करता येत नाही.

वाशिष्ठीताई | मंगळवार, रात्री ९:१५

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ आमच्याकडे कोणी विसरणार नाही. कृष्णाकाठी, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, मनावर घेतलंत ते फार बरं केलंत.

मला हप्त्यापेक्षा रकमेबद्दल बोलायचंय, पण शेवटी ते एकच आहे. आम्ही आधीपासून पॉलिसी घेतलेली होती. माझे दीर म्हणत होते, घर आरसीसी, भिंतीला काय होणार, सामानाचं कशाला. पुराने भिंतींना खरंच फारसं काही झालं नाही. प्लास्टर फुगलं, खालची लाकडी दारं बसली. गेलं ते आतलं. फ्रिज उताणा तरंगत स्वयंपाकघराच्या दारात येऊन अडकला होता, तो आधी सरकवला तेव्हा कुठे आत जाता आलं. वॉशिंग मशीन, दोन कपाटं, गाद्या, धान्याचे डबे, लेकीची पुस्तकं, सगळ्यात चिखल. सर्व्हेअर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टेप काढली आणि भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेची उंची मोजली, टेपसकट फोटो. मग प्रत्येक वस्तू त्या रेषेच्या खाली होती की वर, ते लिहीत गेले. रेषा पुसू नका असं शेजारच्यांनी आधीच सांगितलं म्हणून बरं, मी फडकं घेऊन उभीच होते.

आमची इमारतीची रक्कम २० लाख होती, त्यामुळे सामानाचे ४ लाख आपोआप धरलेले होते. यादीही दिलेली नव्हती. तेच कामाला आलं.

सर्व्हेअर_काका | मंगळवार, रात्री १०:००

वाशिष्ठीताई, तुमचा प्रतिसाद छापून लोकांना वाटायला हवा. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढं घरगुती सामान भारत गृह रक्षात यादीशिवाय धरलं जातं. त्याहून जास्त हवं तर यादी द्यायची, हप्ता थोडा वाढतो. पूरपट्ट्यात मी म्हणेन वाढवा.

दागिने-चांदीची भांडी त्यात येत नाहीत बरं का. ती 'मौल्यवान वस्तू' म्हणून वेगळी, आधी ठरवलेल्या किमतीला. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आतली असेल तर सराफाचा मूल्यांकन दाखलाही लागत नाही. हजारी दर इथे भिंतींपेक्षा चढा असतो. साहजिक आहे, भिंत कोणी पिशवीत घालून नेत नाही.

फाटक्या_खिशाचा | मंगळवार, रात्री १०:२०

म्हणजे चोरीचा विमा यातच आला?

सर्व्हेअर_काका | मंगळवार, रात्री १०:४५

नाही. आग, पूर, भूकंप अशी घटना घडली आणि तिच्यानंतर ७ दिवसांत चोरी झाली, तर ती मूळ पॉलिसीत आहे. एरवीची घरफोडी वेगळी घ्यावी लागते. तिचा हप्ता कुलूप, ग्रिल, वॉचमन, सीसीटीव्ही, घर किती दिवस बंद असतं, यावर हलतो. मुलगा परदेशात, आईवडील सहा-सहा महिने तिकडे आणि कोथरूडचा बंगला बंद, अशी घरं मी पुष्कळ पाहिली. घर बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवा.

डॅलसचा_दिन्या | बुधवार, पहाटे ५:३०

तुमचे आकडे वाचून रडू आलं. ७७३ रुपये! आमच्याकडे इतक्यात विमा कंपनीचा माणूस फोनही उचलणार नाही. मी टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. इथे घरविम्याचा राजा म्हणजे गारपीट. छत किती वर्षांचं, हा पहिला प्रश्न. छत जुनं झालं की कंपनी म्हणते, नव्या छताची किंमत देणार नाही, झीज वजा करून देऊ. शेजाऱ्याने गारांना टिकणारी चौथ्या श्रेणीची कौलं घातली तर त्याला सूट मिळाली.

शिवाय वारा-गारांच्या दाव्यात आधी स्वतःच्या खिशातून टक्केवारी भरायची. घराची रक्कम ४ लाख डॉलर आणि टक्केवारी २, तर पहिले ८,००० डॉलर माझे. टक्केवारी वाढवली की हप्ता उतरतो, म्हणून लोक वाढवतात आणि मग एप्रिलमध्ये आकाशाकडे बघत बसतात. क्रेडिट स्कोअरवरही हप्ता ठरतो. कॅलिफोर्नियात तसं करायला बंदी आहे, इथे नाही. मागच्या ७ वर्षांतले दावे सगळ्या कंपन्यांना एका सामायिक नोंदीत दिसतात, त्यामुळे किरकोळ दावा करायची सोय नाही. आणि एवढं सगळं भरून पूर त्यात नाहीच! तो वेगळा, सरकारी योजनेतून, इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर, आणि सहसा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू. वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसलं आणि पॉलिसी काढली, असं चालत नाही.

मात्र काकांचा मुद्दा इथेही तोच. घराच्या विक्रीच्या किमतीवर नाही, पुन्हा बांधायला काय लागेल त्यावर रक्कम. करोनानंतर लाकूड आणि मजुरी भडकली तसा घर न हलवता माझा हप्ता भडकला. मॉर्टगेजच्या एस्क्रोतून, म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत जमा होणाऱ्या खात्यातून, जातो म्हणून झळ उशिरा कळते, एवढंच.

कृष्णाकाठी | बुधवार, सकाळी ८:१०

दिन्यादादा, आमच्याकडे पूर आतच आहे हे ऐकून जरा बरं वाटलं.

काका, मग पूररेषेचं काय? आमचं घर निळ्या रेषेच्या बाहेर पण लाल रेषेच्या आत आहे. कंपनी ते बघते का?

सर्व्हेअर_काका | बुधवार, सकाळी ९:००

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. पाटबंधारे खातं आखतं. आता तुम्हीच सांगा, १०० वर्षांची रेषा आणि २०१९, २०२१ असं दोनदा पाणी! कंपन्यांनाही हे दिसतं. काही जण पिनकोडवरून जोखीम बघतात, काही थेट विचारतात की मागे पाणी आलं होतं का. खरं सांगायचं. शिरोळचा पिनकोड बघून ज्याला कळत नाही तो विमा व्यवसायात नसावा.

पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत पूर-वादळ वगळून हप्ता कमी करून घेता यायचा आणि भूकंप जादा पैसे भरून घ्यावा लागायचा. गृह रक्षात दोन्ही आतच आहेत, वगळायची सोय नाही. त्यामुळे नदीकाठच्याने आणि डोंगरावरच्याने जोखीम थोडीफार वाटून घेतली असं समजा. कंपनी तुम्हाला दर चढवून सांगेल, कदाचित. दुसरीकडे विचारा.

बांधणीचाही फरक पडतो. मंगलोरी कौल म्हणजे कच्चं घर, असा एजंटांचा समज असतो. विम्याच्या भाषेत कच्चं म्हणजे लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिक, ताडपत्री असल्या भिंती किंवा छत. विटांच्या भिंतीवरची कौलं त्यात येत नाहीत. कोटेशनवर 'कच्चे' लिहिलं असेल तर खोडायला लावा.

आडवा_मनुष्य | बुधवार, सकाळी ९:३०

मग शहाणा माणूस रक्कम कमी दाखवेल. १८ ऐवजी ९ लाख, हप्ता निम्मा. अर्धवट नुकसान झालं तर पूर्ण मिळेलच की.

सर्व्हेअर_काका | बुधवार, सकाळी १०:१५

आडवे, पूर्वी हेच करणाऱ्यांचे मी हिशेब केलेत. ४० लाखाचं घर २० लाखाला उतरवलं आणि १० लाखाचं नुकसान झालं, तर हातात ५ लाख. निम्मा विमा तर निम्मी भरपाई. लोक सर्व्हेअरच्या नावाने बोटं मोडायचे. गृह रक्षात ही कात्री काढून टाकली आहे, हे खरं. पण क्षेत्रफळ खरं द्यावं लागतं आणि पूर्ण घर गेलं तर लिहिलेल्या रकमेवर एक रुपया जास्त नाही. ९ लाखात शिरोळात घर बांधून दाखवा.

उलट जास्त वर्षांची घ्या. १० वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, त्याचा वेगळा हप्ता नाही. सिमेंट-सळईचे भाव बघता मला यातली हीच सोय सगळ्यात आवडते. एकदम भरल्याने सूटही मिळते.

सेक्रेटरीबाई | बुधवार, दुपारी १२:४०

जीएसटी माफ झाला ना विम्यावरचा?

सर्व्हेअर_काका | बुधवार, दुपारी १२:५५

२२ सप्टेंबर २०२५ पासून माफी वैयक्तिक आयुर्विम्याला आणि आरोग्य विम्याला आहे. घराला १८ टक्के आहेतच.

कृष्णाकाठी | गुरुवार, रात्री ८:३०

आज एजंटकडे बसून दोन्ही वेगळं करून घेतलं. दुकानाची खोली बाजूला काढल्यावर राहत्या घराचा दर पार उतरला. पूरपट्टा म्हणून फ्लॅटपेक्षा जास्त आहे, पण ज्याला हजार वाचवायचे असतील त्याने नदीकाठी आजोबा जन्माला घालू नयेत. दुकानाच्या भिंतींची स्वतंत्र पॉलिसी. भाडेकरू मालाचा विमा काढायला तयार झालाय, त्यालाही पूर आठवतो.

एकच राहिलं. गोबरगॅसची टाकी, कंपाउंडची भिंत आणि गेल्या वर्षी बसवलेलं सोलर, हे धरायचं का? एजंट म्हणतो 'बघू'.

सर्व्हेअर_काका | गुरुवार, रात्री ९:०५

'बघू' नाही, लिहून घ्या. तिन्ही इमारतीच्या व्याख्येत आहेत: कंपाउंड, फाटक, पाण्याच्या टाक्या, सेप्टिक टँक, बायोगॅस, सोलर पॅनेल, सगळं. पण रकमेत त्यांचा खर्च मिळवा. सोलरचं बिल असेलच. गोठ्याचं विचारून घ्या, आणि म्हशींचा विमा वेगळा, तो यात येत नाही.

कृष्णाकाठी | गुरुवार, रात्री ९:१२

म्हशी पुरात नेहमी आमच्या आधी बाहेर पडतात, काका. त्यांची काळजी नाही.